चेहऱ्याचे सीरम आणि कामगाराचा हिशेब



आजच्या विषयाचे नाव ऐकून काही मंडळी हसली असतील. पगारवाढ, बोनस आणि ठेकेदारी यांवर बोलण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने चेहऱ्याला लावायच्या सीरमवर बोलावे हे जरा चमत्कारिक वाटणारच. पण हा विषय मी शोधलेला नाही, तो माझ्याकडे चालत आला. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पॅकिंगला आणि जुळणीच्या कामाला असणाऱ्या आमच्या भगिनी अलीकडे गेटसभा संपली की बाजूला येऊन विचारतात, "भाऊ, ते व्हिटॅमिन सीचे सीरम खरेच लागू पडते का हो?" विचारणारी मुलगी बहुधा ठेक्यावर असते. बाटली एका दिवसाच्या मजुरीएवढी, कधी त्याहूनही महाग असते. ज्या वस्तूवर कामगाराची मजुरी खर्च होते ती वस्तू काय आहे हे समजून घेणे युनियनच्या माणसाचे कामच आहे, असे मी मानतो. माझे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे लेथवर, सार्वजनिक वाचनालयाच्या टेबलावर आणि जाणत्या लोकांना प्रश्न विचारून झाले. त्याच रीतीने मी याही विषयाची माहिती जमवली. ती आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम क जीवनसत्त्व म्हणजे काय ते पाहू. त्याची कथा खलाशांपासून, म्हणजे एका परीने कामगारांपासूनच, सुरू होते. लांबच्या सफरीवर महिनोन् महिने ताजे अन्न मिळत नसे. मग खलाशांच्या हिरड्यांतून रक्त येई, दात हलू लागत, आणि कधीच्या भरून आलेल्या जुन्या जखमा पुन्हा उघडत. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश आरमारातील शल्यवैद्याने सॅलिसबरी नावाच्या जहाजावर अशा बारा रोग्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला निराळा उपाय दिला. ज्या जोडीला संत्री आणि लिंबे मिळाली ती सर्वांत लवकर उभी राहिली. मात्र फळातला तो गुणकारी पदार्थ वेगळा काढायला आणखी एकशे ऐंशी वर्षे लागली. १९२८ साली सेंट-ज्यॉर्जी या हंगेरियन शास्त्रज्ञाने एक पदार्थ वेगळा केला. पुढे तेच क जीवनसत्त्व असल्याचे ठरले आणि १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान १९३३ साली राइखस्टाइन यांनी ते कारखान्यात तयार करण्याची रीत शोधली. आज सीरमच्या बाटलीत जे असते ते अशा रीतीने कारखान्यात बनलेले असते. लेबलावर संत्र्याचे चित्र असले तरी आत संत्र्याचा रस नसतो.

आता जुन्या जखमा पुन्हा का उघडत, या प्रश्नातच आपल्या विषयाची किल्ली आहे. आपल्या त्वचेला बळकटी देणारे जे प्रथिन आहे त्याला कोलॅजन म्हणतात. तीन धाग्यांना पीळ देऊन सुताचा दोर वळावा तशी त्याची घडण असते. हा पीळ पक्का बसावा म्हणून धाग्यांवर एक रासायनिक क्रिया व्हावी लागते, आणि ती घडवून आणणाऱ्या विकरांना क जीवनसत्त्वाची गरज असते. ते नसेल तर दोर कच्चा राहतो आणि ताण पडताच सुटतो. हे झाले पहिले काम. दुसरे काम संरक्षणाचे. उन्हातले अतिनील किरण त्वचेत शिरले की तेथे अत्यंत चंचल असे रेणू तयार होतात आणि ते शेजारच्या पेशींची नासधूस करतात. क जीवनसत्त्व अशा रेणूंना शांत करते व तसे करताना स्वतः खर्ची पडते. तिसरे काम रंगाचे. त्वचेचा रंग मेलॅनिन या द्रव्यामुळे असतो, आणि ते तयार करणाऱ्या विकराला क जीवनसत्त्व काहीसा लगाम घालते. सीरमच्या जाहिरातीत सुरकुत्या, ऊन आणि डाग हे जे तीन शब्द येतात ते या तीन कामांवरून आलेले आहेत. म्हणजे मुळात थाप नाही. परंतु मूळ खरे असले म्हणून दुकानातली प्रत्येक बाटली खरी ठरत नाही.

त्वचा ही भिंत आहे. बाहेरचे आत येऊ नये यासाठीच ती आहे. पाण्यात विरघळणारे क जीवनसत्त्व या भिंतीतून सहजासहजी जात नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात शेल्डन पिनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या त्वचेवर प्रयोग करून या भिंतीतल्या वाटेच्या अटी शोधल्या. ते काम २००१ साली प्रसिद्ध झाले. पहिली अट अशी की द्रावण पुरेसे आंबट हवे, म्हणजे त्याचा पीएच साडेतीनच्या खाली हवा. दुसरी अट प्रमाणाची. वीस टक्क्यांपर्यंत प्रमाण वाढवावे तसे शोषण वाढते. त्यापुढे ते वाढत नाही, उलट कमी होते. म्हणून पंचवीस-तीस टक्के असे मोठे आकडे छापलेली बाटली अधिक गुणकारी असते हा समज सोडून द्यावा. रोज लावल्यास तीन दिवसांत त्वचेतला साठा भरतो आणि लावणे थांबवल्यावर तो निम्मा व्हायला सुमारे चार दिवस लागतात, हेही त्यांना आढळले. तेव्हा एखाद्या दिवशी घाईत राहून गेले तर काही बिघडत नाही आणि दिवसातून तीनदा चोपडल्याने जास्त काही मिळत नाही.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? घरात लिंबू आहे, तेच गालावर चोळावे. याचा हिशेब सोपा आहे. शंभर ग्रॅम लिंबाच्या रसात क जीवनसत्त्व असते साधारण पन्नास मिलिग्रॅम. दहा टक्क्यांच्या सीरममध्ये तेवढ्याच मापात असते दहा ग्रॅम, म्हणजे दोनशे पट. लिंबातून मिळणार ते नगण्य. शिवाय लिंबाच्या जातीच्या फळांत अशी काही द्रव्ये असतात, की ती अंगाला लागून वर ऊन पडले तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि मागे काळे डाग राहतात. डाग घालवायला गेलेली बाई नवे डाग घेऊन येते. लिंबू वरणावर पिळावे, तोंडावर नव्हे.

आता या पदार्थाचा मोठा दोष. तो फार लवकर नासतो. हवा, उजेड आणि उष्णता हे त्याचे तीन शत्रू. पाण्यासारखे किंवा फिकट दिसणारे द्रावण आधी पिवळे होते, मग कोऱ्या चहासारखे तांबूस. असे झाले की त्यातले जीवनसत्त्व बरेचसे संपले असे समजावे. याच शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवले, की पंधरा टक्के क आणि एक टक्का ई जीवनसत्त्वात फेरुलिक आम्ल घातले तर मिश्रण अधिक टिकते आणि उन्हापासूनचे संरक्षण चौपटीवरून आठपट होते. हाही प्रयोग डुकराच्या त्वचेवरचा. तो खरा असला तरी माणसाच्या रोजच्या जगण्यात तेवढाच आकडा मिळेल असे नव्हे. मॅग्नेशियम किंवा सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट अशी सौम्य आणि टिकाऊ रूपेही बाजारात आहेत. ती त्वचेला कमी झोंबतात, पण त्यांचा पुरावा मूळ रूपाइतका भक्कम नाही.

मग माणसांवर काय दिसते? २००२ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दहा लोकांच्या अर्ध्या चेहऱ्यावर क जीवनसत्त्व आणि उरलेल्या अर्ध्यावर तेच मलम जीवनसत्त्वाविना, असे बारा आठवडे लावले गेले. जीवनसत्त्वाच्या बाजूला सुरकुत्यांत फरक दिसला. माणसे दहाच, हे लक्षात ठेवावे. आपल्या भगिनींना अधिक उपयोगी अशी चाचणी मेक्सिकोतली, २००४ सालची. ती वांगावर होती. गालावर आणि कपाळावर उठणारे हे तपकिरी चट्टे आपल्याकडे घरोघर दिसतात. १६ स्त्रियांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला पाच टक्के क जीवनसत्त्व आणि दुसऱ्या बाजूला हायड्रोक्विनोन हे डाग घालवणारे नेहमीचे औषध, असे १६ आठवडे लावले. औषधाच्या बाजूला ९३ टक्के स्त्रियांत चांगला गुण आला, जीवनसत्त्वाच्या बाजूला सुमारे ६२ टक्के. पण जळजळ आणि लाली यांसारखा त्रास औषधाने ६८ टक्क्यांना झाला, जीवनसत्त्वाने केवळ सहा टक्क्यांना. म्हणजे हे सीरम धिमे पण सौम्य. आणखी एक गोष्ट जाहिरातीत कोणी सांगत नाही. त्या सर्व स्त्रिया ते १६ आठवडे रोज उन्हापासून बचाव करणारे मलमही लावत होत्या.

ऐकीव गोष्टीवर भिस्त ठेवू नये, म्हणून गेल्या डिसेंबरात मीही दहा टक्क्यांची एक बाटली आणली. यंत्राचा एक भाग बदलून पाहायचा तर दुसरा तसाच ठेवावा लागतो, हे लेथवर शिकलेलो. म्हणून आधी चार दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहिले. खाज-पुरळ काही आले नाही. मग बारा आठवडे रोज सकाळी फक्त उजव्या गालावर लावले आणि डावा तसाच ठेवला. घरच्यांनी आणि युनियनच्या पोरांनी माझी भरपूर चेष्टा केली. पहिला आठवडा जरा झोंबले. सहाव्या आठवड्यापर्यंत डोळ्यांना काही दिसले नाही. बाराव्या आठवड्याच्या शेवटी उजवा गाल हाताला थोडा मऊ लागला आणि कानशिलाजवळचा एक जुना डाग किंचित फिका वाटला. कोणती बाजू कोणती हे मला ठाऊक होते, त्यामुळे माझ्या डोळ्याला पुरावा म्हणता येणार नाही. पण बाटलीचा रंग मात्र नि:संशय बदलला. पत्र्याच्या छपराखाली, खिडकीजवळच्या फळीवर ठेवलेली ती बाटली दहाव्या आठवड्यात चहाच्या रंगाची झाली, तेव्हा तिच्यात तिसरा हिस्सा शिल्लक होता.

यावरून व्यवहाराचे नियम निघतात. तीस मिलिलिटरच्या बाटलीत साधारण सहाशे थेंब असतात. चेहऱ्याला चार-पाच थेंब पुरतात. म्हणजे रोज लावूनही बाटली चार महिने चालते, आणि आपल्या उन्हाळ्यात ती तोवर टिकत नाही. म्हणून लहान बाटली घ्यावी, ती गडद काचेची असावी, झाकण घट्ट लावावे, ती कपाटात अंधारात आणि असल्यास फ्रिजमध्ये ठेवावी. घरात दोघी वापरणाऱ्या असतील तर एक बाटली दोघींत वेळेवर संपते. मात्र नळीचे टोक कोणाच्याही चेहऱ्याला टेकवू नये. सकाळी तोंड धुऊन, कोरडे करून थेंब लावावेत, पाच मिनिटे जाऊ द्यावीत आणि मग उन्हाचे मलम लावावे. प्रारंभ दहा टक्क्यांनी किंवा त्याहून कमी प्रमाणाने करावा. आग होत राहिली तर बंद करावे. सोसत राहण्यात काही शौर्य नाही. तीन महिन्यांच्या आत गुण-दोष ठरवू नये आणि तीन महिन्यांनंतरही काही दिसले नाही तर दुसरी बाटली घेऊ नये.

येथपर्यंत बाटलीचा हिशेब झाला. आता मजुरीचा हिशेब मांडू. डागांचे आणि अकाली सुरकुत्यांचे बाहेरचे सर्वांत मोठे कारण ऊन आहे. जो नळ चालू आहे तो बंद न करता फरशी पुसत बसावे, तसे उन्हात उघड्या तोंडाने काम करून रात्री सीरम लावणे होय. म्हणून ज्याच्याजवळ पैसे थोडे आहेत त्याने क्रम पाळावा. पहिला मान सावलीला आणि कापडाला. घट्ट विणीचा, गडद रंगाचा स्कार्फ, रुंद काठाची टोपी आणि लांब बाह्या यांना एकदाच पैसे पडतात. भिजलेले सुती कापड कमी अडवते, हे घामाच्या दिवसांत ध्यानात ठेवावे. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड झाली की ऊन कडक आहे असे समजावे. त्याला यंत्र लागत नाही. दुसरा मान उन्हाच्या मलमाला. चेहरा आणि मान यांना दोन बोटांच्या लांबीएवढे, म्हणजे साधारण एक ग्रॅम लागते, आणि बाहेर काम असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. दिवसातून दोनदाच लावले तरी पन्नास ग्रॅमची नळी महिनाभर पुरत नाही. सीरमचा मान तिसरा. पहिल्या दोन गोष्टी जमत असतील आणि वर पैसे उरत असतील, तर सीरम जरूर घ्यावे. पहिल्या दोन सोडून घेतले तर ती मजुरी बहुतेक वाया गेली.

कारखान्याच्या छपराखाली बसणारीला हे थोडे तरी जमते. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या मजूर स्त्रियांचे काय? एप्रिलात खरड छाटणी होते तेव्हा वेलीवर पानच उरत नाही. दिवसभर बागेत राहूनही बागेची सावली मिळत नाही. त्याच दिवसांत कांद्याची काढणी असते. या बाईला सीरमची जाहिरात मोबाइलवर दिसते, पण टोपी, सावलीचे छप्पर आणि भर दुपारची सुट्टी कोणी देत नाही. जी वस्तू दहा लोकांना एकदम उपयोगी पडते ती मालकाकडून मागून घ्यायची असते; ती प्रत्येकीने आपल्या मजुरीतून विकत घेण्याची नसते.

त्वचेला आतून मिळणारे जीवनसत्त्वही विसरू नये. आपली द्राक्षे गोड, पण त्यांत क जीवनसत्त्व फार थोडे. शंभर ग्रॅम पेरूत मात्र दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवलेली रोजची मात्रा प्रौढ पुरुषाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे मध्यम आकाराच्या एका पेरूत घरातल्या दोघांचे भागते. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरात हे जीवनसत्त्व लवकर खर्ची पडते, हे आमच्या पुरुष सभासदांनी ऐकून ठेवावे.

आता जरा नाजूक गोष्ट. सीरमविषयी विचारणाऱ्या दहाजणींपैकी काहींच्या मनात डाग नसतो, रंग असतो. "उजळ होईन का?" हा त्यांचा खरा प्रश्न असतो. त्याला सरळ उत्तर असे, की क जीवनसत्त्वाने डाग थोडा फिका होतो, जन्मजात रंग बदलत नाही. आणि बदलण्याचे कारणही नाही. मेलॅनिन ही निसर्गाने दिलेली छत्री आहे. आपल्या सावळ्या लोकांत उन्हाने होणारा त्वचेचा कर्करोग गोऱ्या लोकांच्या मानाने कमी आढळतो, तो या छत्रीमुळे. १९७५ साली बाजारात आलेल्या एका प्रसिद्ध क्रीमने २०२० साली आपल्या नावातला 'फेअर' हा शब्द काढून 'ग्लो' हा शब्द घातला. शब्द बदलला, पण लग्नाच्या बैठकीतला प्रश्न बदललेला नाही. त्या प्रश्नाच्या भीतीने मुली नाव-गाव नसलेल्या डब्या विकत घेतात, आणि तेथे प्रकरण पैशांवर थांबत नाही. २०२२ साली अकोल्यात एकाच कुटुंबातील तीन स्त्रियांना मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा कारण निघाले ते त्या वापरत असलेल्या क्रीममधला पारा. पाऱ्याने रंग झपाट्याने उतरतो, म्हणून तो घातला जातो. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पाराही दहा लाख भागांत एका भागाहून अधिक चालत नाही.

तेव्हा डबी किंवा बाटली हातात घेतली की उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत या चार गोष्टी वाचाव्यात. यातली एकही नसेल तर वस्तू परत ठेवावी. आठ-पंधरा दिवसांत गोरेपणा देण्याचे वचन असेल तर आत पारा किंवा स्टिरॉइड असल्याचा संशय घ्यावा. क जीवनसत्त्व इतक्या लवकर काही करीत नाही, हे आपण पाहिलेच. त्याचा धिमेपणा हीच त्याच्या प्रामाणिकपणाची खूण समजावी.

आणखी एक. हातावरचा आणि चेहऱ्यावरचा प्रत्येक चट्टा उन्हाचा नसतो. यंत्राचे कूलंट, रंग, सिमेंट आणि प्लेटिंगची रसायने यांनीही त्वचा बिघडते. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, ज्यांची खबर सरकारला देणे बंधनकारक अशा रोगांच्या यादीत, रसायने आणि रंग यांच्या स्पर्शाने होणारा त्वचादाह घातलेला होता. सुट्टीत बरा होणारा आणि कामावर रुजू होताच परत येणारा चट्टा असेल, तर सीरमवर पैसे घालू नका. ईएसआयच्या डॉक्टरांना दाखवा, आपण कोणते काम करता ते त्यांना सांगा, ते केसपेपरवर लिहवून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. पुढे मालकाशी बोलताना तोच कागद आपल्या बाजूने उभा राहतो.

मला विचारणाऱ्या भगिनींना माझे उत्तर आता देता येईल. सीरम लागू पडते. थोडे पडते, हळू पडते आणि उन्हाचा बंदोबस्त केलेल्या चेहऱ्यावरच पडते. आपल्या कष्टाच्या पैशातून एखादीने हौसेने बाटली घेतली तर तिला नावे ठेवण्याचा कोणालाही अधिकार नाही. नीटनेटके दिसावे ही इच्छा केवळ बंगल्यात राहणाऱ्यांची मक्तेदारी नव्हे. फक्त ती बाटली लाजेपोटी घेऊ नये, मुदत पाहिल्यावाचून घेऊ नये, आणि टोपी व सावली यांच्या मागणीऐवजी घेऊ नये. यंदाच्या मागणीपत्रात या दोन गोष्टी घालण्याचा प्रस्ताव मी आमच्या कार्यकारिणीपुढे ठेवणार आहे. बागमालक आणि ठेकेदार मंडळी या सभेत असतील, तर त्यांनी त्यासाठी मागणीपत्राची वाट पाहू नये, अशी विनंती करतो.